फणसाच्या फळ्या

ह्यांनासुद्धा हे ठाऊक नव्हतं. ते गेले, तेव्हाही मी बोलले नाही. तुम्हाला सांगते — पण माझी कीव करू नका, मला ती खपत नाही.

माझी थोरली जाऊ मला कधी आवडली नाही. आजही नाही! दीर वारले आणि बाईसाहेब गोठ्याच्या पडवीत रंग घेऊन बसायला लागल्या. रत्नागिरीच्या बंदरावर गलबतांना लावून उरलेला रंग, आणि फणसाच्या फळ्या. काढायचं काय? ना देव, ना झाड, ना माणूस. लालभडक पट्टा, त्यावर पिवळा, मध्येच निळा ठोकळा. मी विचारलं, "वहिनी, हे काय हो?" तर म्हणे, "काय नाय गो, रंग आहेत." हे काय उत्तर झालं? आणि तरी — खरं सांगू? — दळताना माझी नजर तिकडेच जायची. त्याचाही राग यायचा.

मग तिच्या भावाचा निरोप आला. शिमगा झाला की मुंबईचे एक गृहस्थ आगबोटीनं येतील, फळ्या बघतील, पसंत पडल्या तर तिला तिकडे काम देतील. ती सुटणार! आणि मी? चूल, गुरं, सासूची बोलणी — सगळं माझ्याच डोक्यावर?

होळीसाठी लाकडं चोरायची आमच्याकडे रीतच. तिन्हीसांजेला पोरं कुंपणाशी घुटमळत होती. मी हळूच म्हटलं, "मेल्यांनो, पडवीत बघा. सुकी आहेत."

पोरांनी फळ्या पळवल्या. जाऊ मागे धावली, ओरडली, शिव्या घातल्या. पण शिमग्यात सगळेच ओरडतात हो! लोक हसले, उलट बोंब मारली. होळीत पडलेलं लाकूड कुणी काढत नाही. मीही हसले — चांगली मोठ्यानं.

थांबा. एवढंच नाही.

सकाळी एक फळी मला कुंपणाशी सापडली. पोरांच्या हातून निसटलेली, अख्खी. गृहस्थांना एक दाखवली असती तरी पुरलं असतं — मला काय कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. कोयत्यानं फोडली आणि न्हाणीच्या चुलीत घातली.

मग हाक मारली, "वहिनी, पाणी तापलंय." रडून तिचे डोळे सुजले होते. न्हाऊन आली नि म्हणाली, "तूच एक माझं बघतेस गो."

गृहस्थ आले, चहा पिऊन गेले. तिनं पुन्हा रंगाला हात लावला नाही. मरेपर्यंत माझ्याच घरातली भांडी घासली. मी घासू दिली.