पंधरावं कलम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते बापूसाहेबांचे. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचून कोणी मला कृतघ्न म्हणेल. म्हणू दे. पण मी काही विसरलेलो नाही, एवढं त्याला माहीत असावं.

बडोद्याला, समामध्ये, बापूसाहेबांच्या बंगल्याच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. माझे वडील सगळ्यात खालच्या पायरीपाशी उभे होते. चपला फाटकाबाहेर काढलेल्या. दुपारची वेळ, फरशी तापलेली. ते एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होते. हातात आमच्या दुकानाची चावी.

बापूसाहेब दारात आले. वडिलांनी हात पुढे केला. बापूसाहेबांनी केला नाही.

"तिथे ठेव. पायरीवर."

वडिलांनी वाकून चावी पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. कामवाली बाई तांब्या घेऊन आली. तिने चावीवर पाणी ओतलं. मग पदराने पुसून चावी आत नेली.

मी शेजारीच उभा होतो. बी.कॉम. झालेला. इस्त्रीचा शर्ट घातलेला. पोर्चमध्ये नवी मारुती उभी होती, गच्चीवर डिशची छत्री होती, आणि पायरीवर ते पाणी वाळत होतं.

मला राग आला नाही. हेच सांगण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही.

आम्ही चांभार. आमचे पूर्वज संस्थानच्या पागेत खोगिरं शिवायचे, असं वडील सांगतात. पागा गेली, घोडे गेले. वडील करजणला मामलतदार कचेरीबाहेर जोडे दुरुस्त करायला बसू लागले. बापूसाहेब तेव्हा त्या कचेरीत साहेब होते. दिवाणांच्या वेळेपासूनचं त्यांचं घराणं. घरात मराठी, कचेरीत इंग्रजी, बाजारात गुजराती. मी शाळा सुटल्यावर वडिलांशेजारी बसून धडे वाचायचो. एकदा बूट पॉलिशला देताना त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि मला तिथेच चार प्रश्न विचारले. मी चारही उत्तरं दिली. पुढे माझ्या कॉलेजची फी त्यांनी भरली. वसतिगृहासाठी चिठ्ठी दिली. स्वतःच्या मुलाची जुनी पुस्तकं दिली. माझ्या खोलीत देवाचा फोटो नव्हता. बापूसाहेबांचा होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी समामध्ये बंगल्यापुढे आठ दुकानांची ओळ बांधली. तिकडे नव्या सोसायट्या उठत होत्या. कोपऱ्याशेजारचं दुकान त्यांनी आम्हाला दिलं, चपला-बुटांसाठी. वडील रस्त्यावरून उठून शटरच्या आत आले. आईने त्या दिवशी घरी शिरा केला.

करार अकरा महिन्यांचा. तो संपला की आमच्या ओळीत चावीचा दिवस यायचा. सुरुवातीला सांगितला तो असाच एक. भाडेकरूने दिवसभर दुकान बंद ठेवायचं, चावी मालकाला नेऊन द्यायची आणि एका कागदावर सही करायची की जागा खाली करून कबजा सोपवला. त्या कागदावर तारखेची जागा कोरी. दुसऱ्या दिवशी नव्या करारावर सही, चावी परत. म्हणजे माणूस दहा वर्षं त्या जागेत बसला तरी कागदावर अकरा महिन्यांपलीकडे जायचा नाही. आठही दुकानांत हीच रीत होती. इतर भाडेकरू पेढ्यांचा डबा घेऊन पुढच्या दाराने जायचे, सोफ्यावर बसून चहा प्यायचे. आम्ही मागच्या दाराने जायचो. मला वाटायचं, आपण घरच्यासारखे. म्हणून मागचं दार.

पहिल्या दोन करारांवर साक्षीदार दुसरं कोणी होतं. मी पदवीधर झाल्यावर बापूसाहेब म्हणाले, "आता साक्षीदार तूच. घरचा ग्रॅज्युएट असताना बाहेरचा कशाला?" माझी छाती फुगली. करार इंग्रजीत, टाइप केलेला. मी थेट शेवटचं पान उघडलं आणि झोकात सही केली. खाली बी.कॉम. लिहिलं. असं तीन वेळा केलं. एकदाही मागची पानं उलटली नाहीत. बापूसाहेबांसमोर त्यांचा कागद वाचत बसणं मला उद्धटपणाचं वाटायचं.

पुढचा चावीचा दिवस आठवड्यावर आला तेव्हा बापूसाहेबांनी नव्या कराराचा मसुदा झेरॉक्स काढायला माझ्याकडे दिला. ओळीत तिसरं दुकान परेशभाईचं, स्टेशनरी आणि झेरॉक्सचं. तो बडोद्याचा गुजराती, माझ्याशी मराठी-गुजराती मिसळून बोलायचा. यंत्रावर पान ठेवता ठेवता तो थांबला.

"अल्या, तुझा करार लांब केम? माझ्यात चौदा कलमं. तुझ्यात पंधरा."

"असेल काही."

"बापूसाहेबचा लाडका ने तू! तुझ्यासाठी स्पेशल कलम टाकलंय. वाच तर खरा."

मी वाचलं. उभ्या उभ्या, यंत्राच्या उजेडात. भाड्याची तारीख, दुरुस्ती कोणाची, नोटीस किती दिवसांची. चौदा कलमं सगळ्यांची सारखी. मग पंधरावं. त्याचा अर्थ असा: स्वच्छतेच्या कारणास्तव सदर भाडेकरू व त्याच्या कुटुंबातील माणसे इमारतीच्या सामायिक टाकीचे व नळाचे पाणी घेणार नाहीत, समोरच्या ओट्यावर बसणार नाहीत व मालकाच्या निवासस्थानी पुढील दाराने येणार नाहीत.

स्वच्छतेच्या कारणास्तव.

आई रोज घरून पाण्याचा कॅन भरून द्यायची. मला वाटायचं, टाकी लहान असेल. गिऱ्हाईक नसलं की सगळे दुकानदार ओट्यावर बसून गप्पा मारायचे, वडील शटरच्या आत उभे राहायचे. मला वाटायचं, त्यांना कामाचा नाद. तीन वर्षं कॉलेजात घालवून मी बापाची तहान वाचू शकलो नाही.

"शुं लख्युं छे?" परेशभाईने विचारलं.

मी त्याला वाचून दाखवलं. त्याचं हसू गेलं. "मला खबर नव्हती, हं," तो म्हणाला. मग पानं सारखी करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता एक गोष्ट बोलून टाकतो. या वेळी चावी दिलीस ने, तर पाछी नाही मिळणार. मोबाइल कंपनीवाले दोन वेळा माप घेऊन गेलेत. तुझं नि कोपऱ्याचं, दोन्ही एक करणार आहेत."

मी तो कागद घेऊन कोर्टात गेलो. तिथे कॉलेजातला एक मित्र वकिली करत होता. त्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, "हे पंधरावं कलम टिकणार नाही. उलट ते लिहिणं हाच गुन्हा आहे. पण तू त्याचा साक्षीदार आहेस, हे ध्यानात ठेव. आणि चावी तुझ्या हातात आहे तोवर कोर्टात गेल्याशिवाय तो तुला काढू शकत नाही. चावी दिलीस की तुझ्या बापाची सही आणि कोरी तारीख त्याच्या हातात. जिंकशील असं मी म्हणत नाही. चावी मात्र देऊ नको."

संध्याकाळी वडील बुटाचा तळ शिवत बसले होते. मी विचारलं, "बाबा, पाण्याचं तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी दोऱ्याला मेण लावलं. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं साहेबांनी. त्यात काय?"

"मला का नाही सांगितलं?"

"तुझी फी भरत होते ने ते," वडील म्हणाले.

त्यांना वाचता येत नव्हतं, पण कलम पाठ होतं. मला वाचता येत होतं, आणि मी त्याच्याखाली सही करत होतो.

मी त्यांना सांगितलं, या वेळी चावी द्यायची नाही. कंपनीचं सांगितलं. ते मान खाली घालून शिवत राहिले. मला वाटलं, पटलं.

चावीच्या दिवशी मी बँकेत भरणा करून दुकानावर आलो तर शटर खाली. कुलूप लावलेलं. परेशभाई ओट्यावरून ओरडला, "बाबा गेले! हमणांच गेले!" मी पळत सुटलो. मागच्या फाटकापाशी वडिलांच्या चपला होत्या. मी माझे बूट काढले नाहीत.

चावी पायरीवर ठेवून झाली होती. बापूसाहेब दारात. बाई तांब्या घेऊन येत होती. मी वाकून चावी उचलली.

"काय रे हे?" बापूसाहेब म्हणाले.

"चावी मिळणार नाही, बापूसाहेब."

ते हसले. "कोणाशी बोलतोयस, शुद्ध आहे ना?"

"पंधरावं कलम वाचलं मी."

"तीन वेळा सही केलीस त्याच्याखाली. आज इंग्रजी आलं होय?"

हे खरं होतं. मी चावी घट्ट धरून उभा राहिलो.

वडिलांनी हात जोडले. "साहेब, पोरगं आहे. समजत नाही ने त्याला." मग माझ्यापुढे हात केला. "दे इकडे. दे."

"विचार त्याला," बापूसाहेब वडिलांना म्हणाले, "हे शहाणपण कोणाच्या पैशांचं आहे."

"तुमच्या," मी म्हणालो. "त्यासाठी बाबा इतकी वर्षं या ओळीचं पाणी प्यायले नाहीत. फिटलं."

"उद्या कुलूप तोडायला लावीन."

"लावा. सगळ्या ओळीसमोर तोडा."

मी वडिलांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर आणलं. त्यांनी दंड सोडवून घेतला. चपला घालून ते माझी वाट न बघता चालू लागले. रागाने, आणि तो राग माझ्यावर होता. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दुकान मी उघडलं, मीच बंद केलं. मला शाबासकी कोणी दिली नाही. ओळीतले निम्मे दुकानदार माझ्याशी बोलायचे थांबले, कारण त्यांचीही चावी वर्षातून एकदा बंगल्यात जात होती.

चावी उचलली त्याच संध्याकाळी मी बापूसाहेबांना पत्र लिहिलं आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. शंभर पावलांवरच्या बंगल्याला. त्याची प्रत माझ्याकडे आहे. ती इथे देतो.

श्री. बापूसाहेब यांस,

आजवर मी तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात साष्टांग नमस्कार असायचा. या पत्रात तो नाही. चुकून राहिलेला नाही.

दुकानाची चावी आमच्याकडे आहे. आम्ही कबजा दिलेला नाही. माझ्या वडिलांच्या सहीचे, तारीख न घातलेले कागद तुमच्याकडे आहेत. त्यांतल्या एखाद्यावर तुम्ही उद्याची तारीख घातलीत, तर त्या दिवशी दुकान उघडं होतं हे मी कोर्टात सांगेन. ओळीतलं दुसरं कोणी पुढे आलं नाही तरी सांगेन.

भाडं दर महिन्याला मनिऑर्डरने येईल. तुम्ही परत केलंत तर परतीची पावती आम्ही जपून ठेवू.

नवा करार करायची आमची तयारी आहे. तो गुजरातीत हवा, म्हणजे सही करण्याआधी वडिलांना तो ऐकवता येईल. शेजारच्या दुकानांना आहेत तीच चौदा कलमं आम्हाला मान्य आहेत. जागा हवी असेल तर तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी. कोऱ्या तारखेच्या कागदावर यापुढे आमच्या घरातलं कोणी सही करणार नाही.

पंधराव्या कलमाबद्दल तक्रार अर्ज मी लिहून ठेवला आहे. साक्षीदार म्हणून माझी सही आहे, हेही त्यात लिहिलं आहे. त्याची शिक्षा मला झाली तर मी ती भोगीन. अर्ज कधी द्यायचा, हे मी तुम्हाला विचारून ठरवणार नाही.

तुम्ही मला शिकवलंत. हे मी कोणापुढेही सांगेन. पण ते उपकार तुम्ही माझ्यावर केलेत आणि वसूल माझ्या वडिलांकडून केलेत. आजपासून ती वसुली बंद आहे.

याचं उत्तर लेखी पाठवावं. निरोप पाठवून वडिलांना बोलावू नये. ते येणार नाहीत.