नामदेवच्या हातची पुरी

काउंटरवर बसणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. फाटक्या नोटा आणि किस्से. नोटा बँकवाले कुरकुरत का होईना, बदलून देतात. किस्से कुणीच घेत नाही, म्हणून ते मी तुमच्या गळ्यात मारतो.

शिर्डीत आमचं शुद्ध शाकाहारी हॉटेल आहे. म्हणजे शेठचं आहे, मी नुसता बसतो. बसल्या बसल्या आणखी एक काम अंगावर आलं. आचारी, वेटर, भांडी घासणाऱ्या बायका यांच्यावर बाका प्रसंग आला की मदत गोळा करायची, असं एक मंडळ इथल्या हॉटेलांतल्या कामगारांनी काढलंय. मी त्याचा सेक्रेटरी. मंडळाचं नाव इतकं लांबलचक आहे की पावतीवर देणगीदाराच्या नावाला जागाच उरत नाही. आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात!

यंदाचा बाका प्रसंग म्हणजे आमचा नामदेव. वीस वर्षं आमच्याकडे पुऱ्या तळणारा आचारी. सुट्टीच्या गर्दीत कढई कलंडली आणि तेल कोपरापासून खाली उजव्या हातावर आलं. नगरला दवाखान्यात ठेवला. मांडीची कातडी काढून हातावर लावायची होती. हात परत येईल, पण चार महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. शेठनी त्यातलं 'चार महिने' एवढंच ऐकलं आणि जामखेडजवळच्या खर्ड्याहून दत्ता नावाचा आचारी बोलावून घेतला. म्हणाले, तात्पुरता आहे.

आमच्या किचनवर टाकलेला तात्पुरता पत्रा आता नऊ वर्षांचा झालाय. त्यामुळे नामदेवच्या बायकोनं हे ऐकलं तेव्हा ती हाताबद्दल रडली नव्हती तेवढी नोकरीबद्दल रडली.

लोक मदत का करतात, हा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आता कारणं ऐकून ऐकून पोट भरलंय.

*

पहिले देणगीदार शेजारच्या लॉजचे मालक भाऊसाहेब. अट एकच, पाकीट पेशंटच्या हातात देतानाचा फोटो पाहिजे. फोटोग्राफर घेऊन थेट नगरला आले. सोबत मीही.

नामदेवचा हात चादरीखाली होता. फोटोग्राफर म्हणाला, पट्टी दिसत नाही. नामदेवनं बिचाऱ्यानं दात आवळून हात वर केला. मग उजेड कमी पडला, तर पलंग खिडकीकडे सरकवला. आता सगळं जमलं, तर नामदेवनं कॅमेऱ्याकडे बघून हसायला सुरुवात केली. वीस वर्षं हॉटेलात काढलेला माणूस, समोर कुणी आलं की हसायचं एवढंच त्याला ठाऊक.

भाऊसाहेब वैतागले. "अहो, हसू नका. मी मदत करतोय तुम्हाला."

पुढच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. भाऊसाहेबांचा चेहरा टेम्पोएवढा. नामदेवचा चेहरा शेवटी कापूनच टाकला होता, पट्टीतला हात तेवढा ठेवला होता.

*

दुसरे एक रिटायर्ड गृहस्थ. दर गुरुवारी नेमानं आमच्याकडे पुरीभाजी खाणार, आणि 'अशी पुरी नगर जिल्ह्यात नाही' असं बिलाबरोबर सर्टिफिकेटही देणार. नामदेवचं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. चेकबुक काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि विचारलं, पूर्ण नाव काय हो त्याचं?

मी पूर्ण नाव सांगितलं. आडनाव ऐकल्यावर टोपण परत पेनावर बसलं. म्हणाले, "त्यांच्यासाठी सरकारी योजना असतात ना? मग आपण कशाला मधे पडा?"

शेजारच्या टेबलावरच्या ताटल्या सुशीलामावशी उचलत होत्या. भांडी घासायला आमच्याकडे बारा वर्षं आहेत, गिऱ्हाइकाशी कधी शब्द बोलत नाहीत. त्या दिवशी थांबल्या. "काका, मग गुरुवारच्या पुऱ्या बी सरकारच देत हुतं का?"

चेक लिहिला गेला. ठरवलं होतं त्याच्या दुपटीनं! त्यानंतर ते गुरुवारी डोसा मागवतात. डोशाचं पीठ कोण वाटतं, हे आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

बेलापूरच्या एका वहिनींचं कारण सगळ्यांत स्वच्छ होतं. मुलगा चौतीस वर्षांचा, शेती भरपूर, लग्न जमेना. गुरुजींनी उपाय सांगितला होता, आगीनं पोळलेल्या माणसाला शनिवारी सूर्यास्ताच्या आत दान करा, त्याच्या उजव्या हातावर.

मी म्हटलं, वहिनी, उजवा हातच तर पोळलाय. बँडेजवर काही ठेवू देणार नाहीत. वहिनींनी तिथूनच गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी थोडा वेळ घेऊन डावा पाय मंजूर केला.

वहिनींनी पाकीट नामदेवच्या डाव्या पायावर ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. नामदेव इतका ओशाळला की काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, जमंल बघा लग्न.

आणि महिन्याच्या आत जमलं की हो! बातमी श्रीरामपूरपर्यंत गेली. पुढच्या शनिवारी वॉर्डाबाहेर चार आया पाकिटं घेऊन उभ्या. ऑपरेशनचा अर्धा भार जिल्ह्यातल्या खोळंबलेल्या नवरदेवांनी उचलला, ही गोष्ट मंडळाच्या अहवालात कशी लिहायची हे मला अजून सुचलेलं नाही.

एका संस्थेनं वाजतगाजत बारा ब्लँकेटं दिली. मे महिन्यात, नगरला, भाजलेल्या माणसाला. त्यांचे मी आभार मानतो आणि पुढे जातो.

*

आमचा वेटर रघू एकदा नामदेवला भेटायला गेला. वेटरला रिकामं उभं राहता येत नाही, हा त्या धंद्याचा रोग आहे. रघूनं आधी नामदेवचं कपाट पुसलं. मग शेजारच्याचं. मग सगळ्या वॉर्डातल्या कपाटांवरून फडकं मारत, सवयीनं प्रत्येकाला विचारत गेला, काय आणू?

लोक दवाखान्याचाच माणूस समजले आणि सांगत सुटले. डॉक्टर राउंडला आले तेव्हा रघू दोन हातांत आठ कप तोलत वॉर्डात शिरत होता. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कोण?

"दोन मिनिटं सायेब, सहा नंबर बाकी हाय."

हाकलला त्याला. पण तो कोण, कशासाठी आलाय हे वॉर्डाला कळलं. संध्याकाळी पेशंटच्या नातेवाइकांनी एक रुमाल फिरवला आणि नामदेवच्या उशाशी आणून ठेवला. जे स्वतः व्हरांड्यात झोपत होते, डब्यातलं अर्धं दुसऱ्या दिवसाला ठेवत होते, ते लोक. मी एकाला विचारलं, तुम्ही कशाला दिलंत? तो म्हणाला, चहा चांगला होता.

मला गलबलून आलं, ते सांगून टाकतो. रोज रोज टवाळी करणं जमत नाही.

*

राहिला दत्ता. मंडळातल्या कुणालाही तो डोळ्यांसमोर नको होता. आजारी माणसाच्या जागेवर येऊन बसलेला, आणि वर पुऱ्या उत्तम तळणारा! वाईट तळल्या असत्या तर निदान राग धरायला सोपं गेलं असतं. रघू त्याला 'तात्पुरते साहेब' म्हणायचा, तोंडावर.

मदतीचा डबा त्याच्यापुढे मुद्दाम धरला. त्यानं घडी घालून काहीतरी टाकलं आणि म्हणाला, नाव लिवू नका. रघू म्हणाला, लाज वाटत असणार.

दर रविवारी मी नगरहून परतलो की दत्ता कढई उतरवून काउंटरपाशी येई आणि एकच विचारी, नामदेवभाऊची बोटं मिटाया लागली का? मला वाटे, आपली नोकरी अजून किती दिवस आहे त्याचा अंदाज घेतोय. मी 'बघू' म्हणून तोंड फिरवायचो.

*

चार महिन्यांनी नामदेव आला. हात भरून आला होता, पण बोटं पुरती मिटत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काम करत राहिला तर महिनाभरात सुटतील. मी हे शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, महिनाभर थांबायला मी दवाखाना काढलेला नाही. दोघांनी आत्ता एकेक घाणा काढा. ज्याची पुरी चांगली तो राहील, दुसरा आज घरी.

आता, शेठ स्वतःच्या हॉटेलात वर्षातून एकदाच खातात, दसऱ्याला. पण पुरी तोंडात घातली की आपण हात ओळखतो, असं ते गावभर सांगतात. त्यांनी ताटल्या ठरवून दिल्या. नामदेवच्या पुऱ्या निळ्या काठाच्या ताटलीत, दत्ताच्या साध्या. आणि किचनकडे पाठ करून टेबलाशी बसले.

काउंटरवरून किचनची खिडकी मला समोर दिसते. दत्ताच्या पुऱ्या टम्म फुगल्या. नामदेवच्या हातात झारा ठरत नव्हता. एकदा पडला, त्यानं डाव्या हातानं उचलला. त्याच्या पाचही पुऱ्या चपट्या निघाल्या, कडा करपलेल्या. त्यानं त्या निळ्या ताटलीत ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

दत्तानं एकदा त्याच्याकडे बघितलं. मग निळ्या ताटलीतल्या पुऱ्या उचलून साध्या ताटलीत ठेवल्या आणि आपल्या निळ्या ताटलीत. नामदेवच्या लक्षात आलं. त्यानं दत्ताचं मनगट धरायला हात घातला, पण ती बोटं कसली मिटतायत. दत्ता स्वतःच दोन्ही ताटल्या घेऊन बाहेर आला.

शेठनी निळ्या ताटलीतला घास घेतला, डोळे मिटले आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही नामदेवच्या हातची. वीस वर्षं ओळखतो मी हा हात." साध्या ताटलीतला तुकडा तोडला, तोंड वाकडं केलं आणि ताटली सारली. म्हणाले, याचं आजच आटपा.

रघूनं माझ्याकडे बघितलं. मी रघूकडे. दोघांनीही तोंड उघडलं नाही. पुढची चव आता दसऱ्याला.

दत्तानं साधी ताटली उचलली. किचनच्या दारात क्रेट पालथा घालून बसला आणि भाजी घेऊन नामदेवच्या पाचही पुऱ्या सावकाश खाल्ल्या. एक तुकडा ठेवला नाही. ताटली स्वतः घासली. एप्रन काढला, घडी केली आणि ज्या खिळ्याला पूर्वी नामदेवचा असायचा तिथे अडकवला.

मग पिशवी घेऊन काउंटरपाशी आला. मी उठून उभा राहिलो. चार महिन्यांत त्याच्यासाठी पहिल्यांदा.

"सायेब," तो म्हणाला, "नगरहून जामखेडला गाडी कितीला असती?"