मशालीला नंबर नसतो

माइक हातात घेऊन मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब म्हणाले, "हिच्या पणजोबांनी माझ्या पणजोबांच्या पालखीपुढे मशाल धरली. आज ही मुलगी तशीच मशाल धरून राजवाड्यापासून धावत आली. सेवा रक्तात असावी लागते. याला म्हणतात परंपरा. टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या झाल्या. भरपूर झाल्या. मी मैदानाच्या मधोमध उभी होते. पाच किलोमीटर धावून आलेली. धाप अजून थांबली नव्हती. मशालीच्या चिंध्यांतून तेल गळत होतं आणि मनगटावर चटके बसत होते. मशाल खाली ठेवता येत नव्हती. मैदानातली ज्योत पेटवायचा मान दादासाहेबांचा, आणि दादासाहेबांचं भाषण अजून चालू होतं.

पुढच्या दोन रांगांत सोफे. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या खुर्च्यांमध्ये माझे बाबा बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता डोळे पुसत होते. आनंदाने.

मी मशाल धरायला लागल्यापासूनचं ते आठवं वर्ष. तोपर्यंत मलाही तो मानच वाटत होता, हे आधी कबूल करते.

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाचा दर हिवाळ्यात क्रीडा महोत्सव असतो. आमच्या म्हणायची सवय लागली आहे, ती जात नाही. मंडळाची माणसं जुन्या घराण्यांतली. कोणाचे पणजोबा दरबारात कारभारी, कोणाचे फौजेत. आता त्यांची मुलं बँकेत, कॉलेजात, पुण्याला, बेंगळुरूला. पण नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न तोच, "दरबारात तुमच्याकडचं कोण होतं?" आमच्याकडचे मशालजी होते. रात्रीच्या स्वाऱ्यांपुढे मशाल घेऊन पळणारे. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात तेलाची बुधली. माझ्या पणजोबांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेल्या डागांनी भरलेला होता, हे बाबा कौतुकाने सांगतात. आमची जात कोणाला विचारावी लागत नाही. मशालजी म्हटलं की काम झालं.

महोत्सवाची सुरुवात महिलांच्या पाच किलोमीटर दौडीने होते. राजवाड्यापासून निघायचं, कृष्णपुऱ्याचा पूल, रीगल, पलासिया, मग मंडळाचं मैदान. दौडीच्या पुढे मशाल. मशाल दोन मिनिटं आधी सुटते. आणि एक नियम असा की मशालीच्या पुढे कोणी जायचं नाही. म्हणून मशालीला पळणारी हवी. मागच्या मुलींच्या हाती न लागणारी. शाळेत असताना मी जिल्ह्याला धावले होते. मंडळाने मला एकोणिसाव्या वर्षी हेरलं.

आठ वर्षं मी मैदानात सगळ्यांच्या आधी पोचले. आठ वर्षं कप मागून येणाऱ्या मुलीला मिळाला. शेवटची तीन वर्षं दादासाहेबांच्या नातीला. पोरगी वाईट नाही. पळते बरी. दोन मिनिटांचं अंतर पलासियापर्यंत वाढलेलं असायचं. एका हातात जळती मशाल असताना. हे कोणी कधी मोजलं नाही. खरं सांगायचं तर मीही मोजलं नाही.

मोजलं एका मशीनने.

मी भंवरकुआँजवळच्या एका खाजगी शाळेत खेळ शिकवते. या शहरात कार्यक्रमांना तोटा नाही, आणि पोरांना घेऊन जायचं काम खेळाच्या मॅडमचं. क्रिकेटच्या मॅचला नेलं, दिवसभर उन्हाच्या बाजूला बसलो. मॅरेथॉनला नेलं, तिथे वळणावर उभं राहून पळणाऱ्यांना पाणी दिलं. मी दोरीच्या अलीकडे, पळणारे पलीकडे. त्या आठव्या महोत्सवानंतर पावसाळ्यात बायपासवरच्या एका मोठ्या हॉलमध्ये गेमिंग एक्स्पो आला. आठवीची पोरं मागे लागली. घेऊन गेले.

आत नुसता गोंगाट. अंधार, रंगीत दिवे, गोळ्यांचे आवाज, कानाला हेडफोन लावून ओरडणारी मुलं. माझं डोकं उठलं. एका स्टॉलवर रबरी चटई होती आणि समोर मोठा पडदा. चटईवर जागच्या जागी पळायचं, तेवढ्या वेगाने पडद्यावरचं माणूस पळतं. पोरांनी मला ढकललं. स्टॉलवरची मुलगी म्हणाली, "दीदी, नाम डालिए." मी विचारलं, "पूरा?" ती म्हणाली, "कुछ भी चलेगा."

कुछ भी चलेगा. आडनाव नको. दरबारात कोण होतं ते नको. मी नुसतं नाव टाकलं आणि चपला काढून पळाले. संपलं तेव्हा घामाघूम झाले होते आणि पोरं नाचत होती. वर बोर्डावर यादी होती. सगळ्यात वर माझं नाव. ती मुलगी म्हणाली, "दीदी, आप फर्स्ट हो." पुढच्याला चटईवर बोलावता बोलावता म्हणाली. तिच्यासाठी त्यात विशेष काही नव्हतं.

मी तिथून हलले नाही. पोरं कंटाळून दुसरीकडे गेली. सत्ताविसाव्या वर्षी माझं नाव मी पहिल्यांदा एखाद्या यादीत वर पाहत होते. मला रडू आलं. लाजही वाटली, खेळण्यातल्या चटईवर रडते म्हणून. संध्याकाळी बोर्ड पुसतात, असं कळलं. पुसू देत. पुसायला आधी लिहावं तर लागतं. मंडळाच्या कुठल्याच कागदावर माझं नाव नव्हतं. बसमध्ये पोरं गाणी म्हणत होती आणि मी आठ वर्षांचा हिशोब लावत होते.

थंडी सुरू झाल्यावर मंडळाच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी मॅडम फॉर्म लावत बसल्या होत्या.

"मॅडम, या वर्षी मला दौडीत नाव द्यायचंय."

"अगं, तू तर मशालवाली. तुला दौडीची काय जरूरत?"

"मी दर वर्षी पहिली येते. पण नंबर लागत नाही."

त्या हसल्या. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. "मशालीला नंबर नसतो, बेटा."

फॉर्म संपले म्हणाल्या. मी तिथे उभी असतानाच दोघी आल्या आणि त्यांना फॉर्म मिळाले. मी निघाले नाही, तेव्हा आतून दादासाहेब आले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"तुला आम्ही मान दिलाय," ते म्हणाले. "कप काय, आज हिला, उद्या तिला. मशाल एकाच घराला मिळते."

"मग यंदा आपल्या नातीला द्या मशाल. मी कपासाठी धावते."

ते खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "तिच्या हातात शोभेल का ती?"

त्यांनी हे चिडून विचारलं नाही. अपमान करायचा म्हणूनही नाही. त्यांना खरंच शंका होती, आणि ती माझ्याकडून सोडवून हवी होती. त्या क्षणी माझ्या अंगातून सगळा मान निघून गेला. आठ वर्षं जपलेला. मला कळलं की हे माझ्या पळण्याकडे कधी बघतच नव्हते. हाताकडे बघत होते.

घरी सांगितलं तर बाबा पोहे खाता खाता थांबले. बाबा सरकारी ऑफिसात शिपाई होते, आता रिटायर. ते म्हणाले, "कशाला उलटं बोललीस? जाने दे ना. मंडळामुळे तर चार लोक आपल्याला ओळखतात."

"कोण म्हणून ओळखतात, बाबा?"

त्यांनी ताटात शेव घेतली आणि पुढे खायला लागले.

महोत्सवाच्या दिवशी मी राजवाड्यासमोर उभी राहिले. शाळेचा टी-शर्ट, छातीवर नंबर नाही. बाकीच्या मुलींच्या छातीवर नंबर. सेक्रेटरी मॅडमनी मशाल पेटवली आणि माझ्यासमोर धरली. मी हात मागे घेतले.

"मी धरणार नाही."

"तबीयत ठीक नाही का?"

"तबीयत ठीक आहे. मी दौडीत धावणार आहे."

"तुझा नंबर कुठाय?"

"नाही दिलात तुम्ही."

सगळे माझ्याकडे वळले. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना पूर्ण दिसले असेन. दादासाहेब उघड्या जीपमध्ये बसले होते. मला वाटलं, ओरडतील. मी तयार होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे गर्दीत पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि गर्दीतून बाबा पुढे आले.

"माफ करा, दादासाहेब. पोरगी आहे. मी घेतो."

त्यांनी स्वेटर काढून माझ्याच हातात दिला. बासष्ट वर्षं वय. एक गुडघा कामातून गेलेला. मी "बाबा" एवढंच म्हणाले. त्यांनी मशाल घेतली, कपाळाला लावल्यासारखी केली आणि निघाले. धड पळणं नाही, धड चालणं नाही. दोन मिनिटांनी आम्हाला सोडलं. स्वेटर कमरेला बांधून मी सगळ्यांच्या मागून निघाले.

कृष्णपुऱ्याच्या पुलावर आम्ही त्यांना गाठलं. सगळ्या मुली त्यांच्या मागे अडकल्या. जागच्या जागी पळायला लागल्या. कोणी हसलं, कोणी वैतागलं. दादासाहेबांची नात सारखी जीपकडे बघत होती. मग जीपमधून भोंग्यावर आवाज आला. दादासाहेबांचाच.

"मुलींनो, बाजूने निघा आगे. टाइम खराब होतोय."

एवढंच. शंभर वर्षांची म्हणून सांगितलेली परंपरा एका पुलावर संपली. मशालीच्या पुढे कोणी जायचं नाही हा नियम त्यांच्या नातीच्या आड आला आणि त्यांनी तो बाजूला केला, रस्त्यातली सायकल बाजूला करावी तसा. मुली डावीकडून निघाल्या, उजवीकडून निघाल्या. जीपही गेली. पुलावर राहिलो आम्ही दोघं.

माझ्यासमोर रस्ता मोकळा होता. पाय तयार होते. त्या सगळ्यांना मी रीगल यायच्या आत गाठलं असतं. मी बाबांच्या बरोबरीला आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघत, धापा टाकत म्हणाले, "मागे राहा. मशालीच्या पुढे जायचं नसतं."

आणि मी मागे राहिले.

याची मला जेवढी शरम वाटते तेवढी त्या आठ वर्षांची वाटत नाही. ते माझ्याकडून अज्ञानात घडलं. हे डोळे उघडे ठेवून केलं. पलासियापर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत चालले. पळायची गरजच नव्हती. पोह्याच्या दुकानांपुढची माणसं आमच्याकडे बघत होती आणि जिलेबी खात होती. ते पडतील म्हणून मी मागे राहिले असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. त्यांनी सांगितलं म्हणून राहिले.

आम्ही मैदानात पोचलो तेव्हा कप देऊन झाला होता. दादासाहेबांनी बाबांच्या हातातून मशाल घेतली, ज्योत पेटवली आणि माइकवर म्हणाले, "पोरीने सोडलं, पण बापाने घराची लाज राखली." बाबा हात जोडून उभे होते. उजव्या तळव्यावर फोड आला होता. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं सुख मी आई होती त्या दिवसांतही पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून काही बदललं नाही. मंडळ आहे तिथेच आहे. आमच्या शाळेचे एक विश्वस्त मंडळात बसतात. यंदाच्या क्रीडादिनाचं काम माझ्याकडून काढून घेतलं, कारण कोणी सांगितलं नाही. मशालीसाठी बाबांना बोलावणं आलं आहे. आता त्यांना पंधरा मिनिटं आधी सोडणार आहेत, म्हणजे मुलींचा खोळंबा नको. मंडळाने पांढरे बूट दिलेत. ते घालून बाबा सकाळी गल्लीत सराव करतात, हातात छत्री उभी धरून. गुडघ्याला पट्टा बांधून. मी म्हटलं, "बाबा, नका जाऊ." ते म्हणाले, "तू नाही जात, मी नाही गेलो, तर मशाल दुसऱ्याच्या घरात जाईल ना." मी म्हटलं, "जाऊ द्या." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

दादासाहेबांना मी 'नाही' म्हणू शकले. ते सोपं होतं, हे आता कळतं. त्यांचा हुकूम माझ्या घरात माझ्या बापाच्या तोंडून येतो, आणि बापाच्या आवाजात आला की मी ऐकते. पणजोबांपासून हे असंच चाललं असणार. कोणाला चाबूक उचलावा लागला नसेल.

यंदाही फॉर्म मागितला. मिळाला नाही. मी नंबराशिवाय उभी राहणार आहे. पंधरा मिनिटांच्या अंतराने बाबा मला रीगलच्या पुढे कुठेतरी दिसतील. गुडघा दुखत असेल. तेल मनगटावर उतरत असेल. ते मला म्हणतील, मागे राहा. ते मला हाक मारतील. कदाचित त्यांचा तोल जाईल आणि त्यांना धरायला दुसरं कोणी नसेल. मी त्यांना ओलांडून जाणार आहे.

मैदानात माझं नाव कोणी पुकारणार नाही. कप मागून येणारीला मिळेल. घरी बाबा माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत, किती दिवस ते माहीत नाही. मला ते सगळं आत्ताच दिसतं आहे. तरी मी थांबणार नाही.