गुरुजींच्या भिंतीवरचा आकडा

आमच्या गुरुजींनी काढलेल्या महाराष्ट्राच्या नकाशात जळगाव तुरीच्या डाळीएवढं होतं आणि सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव भाकरीएवढं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "यात मुंबई कुठे आहे?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "कागद संपला, साहेब."

गावाबाहेरचा नाला ओलांडला की मध्य प्रदेश. भूगोलाच्या तासाला ते आम्हाला नाल्यात उभं करत, एक पाय अलीकडे, एक पलीकडे, आणि विचारत, "कोणता पाय जास्त गार शे?" दोन्ही सारखेच गार पडलेले असत. सीमेचा धडा तिथेच संपायचा. शेळ्या रोज परराज्यात चरून संध्याकाळी घरी येतात, जळगावला गेलेला माणूस मात्र येत नाही, हे त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाची लोकसंख्याच अंगावर घेतली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शाळेच्या भिंतीवर खडूने नवा आकडा लिहायचे. दाराला कुलूप असलं तरी त्या घरातली माणसं धरायची, हा त्यांचा नियम. ग्रामसेवक एकदा म्हणाले, "गुरुजी, तुमचं निम्मं गाव कुलपातच राहतं."

"कुलूप लावेल शे ना? म्हणजे येणार शे."

मी घराला कुलूप लावून जळगावला पाइपच्या कारखान्यात लागलो, त्याला वीस वर्षं होत आली. आखाजी जवळ आली की गुरुजींचा फोन ठरलेला. "तुले धरू का पुसू?"

"धरा गुरुजी, यंदा नक्की येतो."

"धरी लिधं बरं."

मी जात नसे. सुट्टी मिळायची, तरी जात नसे. दर वर्षी मी खोटं बोललो आणि दर वर्षी त्यांनी मला धरलं. त्यांना ते कळत नव्हतं, असं मला आता वाटत नाही.

यंदा आखाजीच्या तोंडावर फोन आला तो त्यांच्या धाकट्या भावाचा, नानांचा. गुरुजी गेले होते. तेव्हा मात्र मी गेलो.

आखाजीला नाना मला शाळेपाशी घेऊन गेले. भिंतीवर गेल्या वर्षीचा आकडा तसाच होता. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "तू शिकेल शे, तूच लिख."

खरं तर दोन माणसं कमी करायला हवी होती, गुरुजी आणि मी. जुना आकडा बाहीने पुसला. मग एकच कमी केलं.

नाना आकडा बघून म्हणाले, "स्वतःले धरी लिधं ना?"

मी त्यांच्याकडे थोडं गोडं तेल मागितलं. माझ्या घराचं कुलूप गंजलं होतं.