कॅलेंडरवर लिहून ठेवलेला वास

आधीच सांगून टाकते, मी अंगाऱ्या-धुपाऱ्याची बाई नाही. आमचं बौद्ध घर. सासऱ्यांनी हयातभर दारावर लिंबू-मिरची लागू दिली नाही. शेजारीण म्हणायची, तुमच्या घराला नजर लागली. मी म्हणायची, "नजर न्हाई वो, बाटली लागली." त्यामुळे पुढचं वाचून कुणी मला शहाणपण शिकवू नये. माझं मलाच पटत नाही, तर तुम्हाला काय पटवणार...

आम्ही हदगावला राहतो, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. मी अंगणवाडी सेविका. आमचे हे शेतातल्या बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात — भोकर, पार इस्लापूरपर्यंत, मोटारसायकलवर. कामात हात धरणारा कुणी नाही, पण अकरा वर्षं दारू. रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, ते दारूपासून दूर राहण्याचं, की ह्यांचा आवाज खाली जायचा. शेजारी बसून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या वर्षी हे लातूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून आले. हाताची थरथर गेली, अन्न अंगी लागलं. तिथल्या समुपदेशक मॅडमनी ह्यांना एक छोटी वही दिली होती. तलफ आली की वार, वेळ, ठिकाण आणि तेव्हा काय केलं ते लिहायचं. घरच्यांनी वही उघडायची नाही. आणि मला सांगितलं, "ताई, तोंडाचा वास घेणं बंद करा."

सांगायला काय जातं! संध्याकाळी गाडीचा आवाज आला की मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात. निमित्त पाण्याचं, काम नाकाचं. माझी सातवीतली पोरगीसुद्धा बापाच्या गळ्यात पडायच्या आधी नाक पुढं करायची. ह्यांना सगळं कळत होतं. बोलत नव्हते एवढंच.

घरी येऊन महिना झाला असेल. मंगळवारी सव्वाचारला मी तांदूळ निवडत होते आणि एकदम देशीचा वास आला. तोच... गोडसर, आंबूस. कुणीतरी पिऊन अगदी शेजारी येऊन बसावं तसा. मी उठले आणि माळा, पलंगाखाली, पाण्याच्या टाकीमागं — बाटल्या सापडायच्या त्या सगळ्या जुन्या जागा धुंडाळल्या. काही नाही. पोरीला विचारलं, तर ती म्हणाली, कसला वास मम्मी? वीस मिनिटांनी तो आपोआप गेला. संध्याकाळी हे आले, तर तोंडाला काहीच वास नाही.

पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पुढच्या तीन आठवड्यांत असं आणखी चार वेळा झालं. पहिल्या मंगळवारासकट दर वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्याशेजारी, पेन्सिलनं वेळ लिहून ठेवली. पुरावा पाहिजे ना!

पाचव्यांदा मात्र माझा तोल गेला. हे घरात आले तशी पोरीदेखत विचारलं, "कुठं लपवून राहिले तुम्ही?"

हे हळूच म्हणाले, "न पिताच ऐकायचं असंल, तर पिऊनच ऐकतो की." आणि चप्पल घालून निघून गेले.

तो दीड तास मी कसा काढला, माझं मला ठाऊक. माझ्याच जिभेनं मी नवऱ्याला गुत्त्याचा रस्ता दाखवला होता. हे परत आले ते पोरीसाठी पेन घेऊन. प्यायले नव्हते. पण माझ्याकडे बघितलं नाही.

दोनच दिवसांनी लातूरची तारीख होती. कॅलेंडरचं पान फाडून मी पर्समध्ये घेतलं होतं, ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, ह्यांची वही चाळली, परत पान बघितलं. मग ह्यांना विचारून वही माझ्यापुढं सरकवली.

'मंगळवार, सव्वाचार. भोकर. दुकानासमोर उभा होतो, वीस मिनिटं. आत गेलो नाही.'

'शनिवार, साडेबारा. इस्लापूर. शेतमालकानं ग्लास पुढं केला. नको म्हणलं.'

पाचच्या पाच वेळा जुळत होत्या. मला घरात वास आला, त्याच वेळी हे तिकडं तलफेशी झुंजत होते आणि एकदाही प्यायले नव्हते. ज्या दिवसांना मी गुन्हा म्हणून लिहून ठेवलं, ते दिवस हे जिंकले होते. मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले.

मॅडम म्हणाल्या, वर्षानुवर्षं धास्तीत काढली की वास नसतानाही मेंदू तो दाखवतो, त्यावर तुम्हालाही मदत घ्यावी लागेल. ते मला पटलं. मी अजून जाते. पण वेळा कशा जुळल्या? इस्लापूरच्या त्या शेतात तर फोनला रेंजही नव्हती. मॅडम म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार, ताई."

मग सोयाबीन काढणीचे दिवस आले. एका बुधवारी अकराच्या सुमारास मी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढत होते आणि वास आला. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला... जाईना. उलट वाढतच चालला. मदतनीस बाईच्या हातात पळी देऊन मी बाहेर आले आणि ह्यांना फोन लावला. उचलेनात. चौथ्यांदा उचलला. पलीकडं नुसता श्वास.

जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. म्हणलं, "अहो, वांग्याचं भरीत केलंय. जेवायला येता का?"

मग आवाज आला, "हाव. निघतो."

वास तिथल्या तिथं गेला. मला खिचडीचा वास यायला लागला. मी सुट्टी सांगून घरी पळाले आणि वांगी भाजायला ठेवली, कारण भरीत केलंच नव्हतं! जेवताना ताटाकडं बघत हे म्हणाले, "ग्लास हातात होता."

त्याला सात महिने झाले. तोंडाचा वास घेणं मी सोडलंय, पोरीनंही सोडलंय. वास आला की फोन लावायचा आणि जेवणाचं विचारायचं, एवढंच. हे काय आहे, कसं होतं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा.

पण गेला दीड महिना वास आलेला नाही. मॅडम म्हणतात, चांगलं लक्षण आहे. असेल. तलफ संपली असेल, नाहीतर माझी धास्ती संपली असेल. पण तलफ येत असेल आणि मलाच कळत नसेल तर? ज्या वासाला अकरा वर्षं शिव्या घातल्या, त्याचीच आता मी वाट बघून राहिले.

काल दुपारी उगाच फोन लावला. ह्यांनी लगेच उचलला. "वास आला का?"

"न्हाई. असंच लावला."

हे म्हणाले, "बरं केलंस."