प्रार्थनेच्या नावावर खपवलेलं खोटं

जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी डाळ निवडणाऱ्या बायकांची सुपरवायझर होते. माहेर धुळ्याचं, चर्चच्या मागच्याच गल्लीतलं. डबा उघडण्याआधी डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना करायची, ही लहानपणची सवय. बायका तेवढा वेळ घास हातात धरून माझ्यासाठी थांबायच्या. मॅनेजर मात्र मला ‘सिस्टर’ म्हणायचा. ख्रिस्ती बाई म्हणजे नर्सच, असा त्याचा विनोद होता.

डाळ वर नेणाऱ्या पट्ट्याला जाळीचं झाकण होतं. पट्ट्यात डाळ अडकली की झाकण उघडण्यात वेळ जातो, म्हणून मॅनेजरने ते काढूनच टाकायला लावलं. मी त्याला म्हटलं, “साहेब, एखादीचा पदर जाईल.” तो म्हणाला, “सिस्टर, तुमचा देव आहे ना बघायला?”

पदर गेलाच. असोद्याहून येणारी एक बाई होती, माझ्याच वयाची. पदर सोडवायला गेली आणि तिचा हात पट्ट्यात ओढला गेला. दोन बोटं गेली. मी तिथेच होते. तिचं मनगट मीच माझ्या ओढणीने आवळून धरलं होतं.

संध्याकाळी मॅनेजरने मालकाला सांगितलं, “सुपरवायझर बाई जागेवर नव्हत्या. प्रार्थना करत बसल्या होत्या.”

मालकाने मला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच बायकांच्या रांगेत खाली बसून खडे वेचायला लागले. मॅनेजर येता-जाता माझ्यापाशी थांबायचा. “झाली का प्रार्थना?”

मी त्याचा मनापासून द्वेष केला. त्याचाही हात कुठेतरी अडकावा, असं मी देवाकडे मागितलं, अगदी सरळ शब्दांत. चर्चमध्ये सगळे एका सुरात प्रार्थना म्हणत. ‘आम्ही अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ आली की मी ओठ मिटून घ्यायचे. पाळकसाहेबांच्या ते लक्षात आलं. घरी येऊन म्हणाले, “बाई, मनातून काढून टाका.” मी म्हटलं, “त्याला त्याचं खोटं काढून टाकू द्या आधी.” ते चहा न घेता गेले.

मग कामगार खात्याचे साहेब चौकशीला आले. आदल्या दिवशी माझ्या शेजारी बसणारी धुळ्याकडची म्हातारी कानाशी लागली, “अक्का, तो दारू पियेल व्हता आसं सांग. आमी बठ्ठ्या तेच सांगसूत.” सगळ्यांनी तेच सांगितलं असतं, तर त्याची नोकरी कायमची गेली असती. त्या रात्री मी ते वाक्य मनात घोळवत पडले. गोड लागत होतं ते.

पण सकाळी साहेबांसमोर ते वाक्य तोंडातून निघेना. माझ्या देवाचं नाव घेऊन कुणी खोटं बोललं म्हणून मी एवढी पेटले होते. आता मीच कशी बोलणार? मी सांगितलं की झाकण त्याने काढायला लावलं, मी बजावलं होतं, आणि त्या वेळी मी तिथेच होते. साहेबांनी विचारलं, “आणखी काही?” आणखी एक गोष्ट खरी होती, ती मला गिळून टाकायची होती. शेवटी सांगितली. किंकाळी ऐकून यंत्र बंद करायला सगळ्यांत आधी तोच धावला होता, आणि त्या बाईला दवाखान्यातही त्यानेच नेलं होतं.

त्या एका वाक्याने त्याची नोकरी वाचली. मालकाने त्याला मॅनेजरकी सोडायला लावून धुळ्याच्या गोदामावर पाठवलं. मला माझी जागा परत मिळाली. असोद्याच्या बाईला भरपाई मिळाली आणि हात बरा झाल्यावर गेटवरचं बसून करायचं काम ठरलं.

जाण्याआधी तो मिठाईचा पुडा घेऊन आला. “सिस्टर, तुम्ही देवमाणूस. माफ केलंत मला.”

“माफ केलेलं नाही,” मी म्हटलं. “खरं होतं ते सांगितलं. तुम्ही पण सांगा. आत्ता, शेडमध्ये, सगळ्यांसमोर.”

जेवणाची सुट्टी होती. तो बायकांसमोर उभा राहिला आणि जमिनीकडे बघत पुटपुटला, “बाई त्या वेळी जागेवर होत्या. मी खोटं बोललो.”

“मागच्या बायकांना ऐकू आलं नाही,” मी म्हटलं.

त्याला पुन्हा सांगावं लागलं. मान वर करून, मोठ्याने. मला फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. पुडा मी त्याचा त्याला परत दिला.

असोद्याची बाई अजून घरीच होती, हाताला पट्टी बांधलेली. सुट्टीच्या दिवशी मी बसने तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिने शेवटी विचारलं, “त्याचा आवाज कापत व्हता का?”

“हो. कापत होता.”

ती मग सुनेला हाक मारून म्हणाली, “चहा टाक गं. साखर जास्त घाल.”