बादलीवरच्या तीन रेघा

त्या बादलीवरच्या शेवटच्या तीन रेघा मी ओढल्या होत्या. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

रोह्याला लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो. मुलं रडू नयेत म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली होती. ती सांभाळायला सोमवारी आणि गुरुवारी कासूहून एक काका गाडीने येत. त्यांचं उभं आयुष्य पेणच्या खाडीकाठी मिठागरात गेलेलं. टाकीत बोट बुडवून जिभेला लावत आणि म्हणत, "कंपोंडर, आज पानी कडक हाय. दोन तांबे गोडं घाल." डॉक्टरांचं मोजायचं यंत्र नंतर तेच सांगे.

पोरांच्या आया त्यांची फिरकी घेत. "काका, माशाला पन सुई टोचता काय?"

"टोचतो गो. पन तो तुझ्या पोरासारखा बोंबलत नाय."

कुणी पाहत नसतानाही काम तसंच चोख करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकांचा एक नेम होता. समुद्रावरून आणलेला दगड थेट टाकीत जायचा नाही. "दगडासंगती पावने येतात," ते म्हणत. "आधी पावने घालवू, मंग दगड आत." दगड वेगळ्या बादलीत राही. दर खेपेला ते तो दाट मिठाच्या पाण्यात बुडवत. त्याच्या भोकांतून बारके किडे तडफडत बाहेर पडत. मग बादलीवर खडूची एक रेघ. सहा रेघा झाल्या की दगड टाकीत.

एका बुधवारी दवाखान्यात पूजा होती. बादलीत एक सुरेख दगड होता, हिरव्या-जांभळ्या शेवाळाचा. रेघा तीनच झाल्या होत्या. पाहुणे येणार, टाकी भरलेली दिसावी, म्हणून आदल्या दिवशी मी तो उचलून आत ठेवला आणि रेघा पुऱ्या करून टाकल्या. पूजेला सगळ्यांनी टाकीचं कौतुक केलं. मी ते हसून घेतलं.

गुरुवारी काका आले, टाकीसमोर वाकले आणि तसेच राहिले. नारिंगी माशाच्या डोळ्यामागे तांदळाएवढी करडी ऊ चिकटली होती, रक्त पिऊन फुगलेली. दुसऱ्याच्या शेपटीपाशी दोन.

"दगड कोनी सोडला?"

डॉक्टरही बाहेर आले होते. माझी नोकरी नवी होती. मी म्हणालो, "तुम्हीच की काका! सोमवारी नाही का सोडलात?"

ते बादलीकडे गेले. रेघांवरून बोट फिरवत मोजलं. पुन्हा मोजलं. सहाच.

"मला कसं नाय आठवत?" हे ते मला विचारत नव्हते.

आपलं डोकं गेलं असं वाटत असलेल्या त्या माणसाने पुढे एक गोष्टही चुकवली नाही. मासे एकेक करून जाळीत धरले, गोड्या पाण्यात बुडवले, चिमट्याने उवा काढल्या. सगळे मासे वेगळ्या टपात हलवले. "टाकीत मासा नाय तर त्यांना रगत नाय," ते म्हणाले. "तीन म्हैने उपाशी मरूदेत." नारिंगी मासा गेला. बाकीचे वाचले.

मासे पुन्हा टाकीत सोडले त्या दिवशी ते डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, आता माज्या हाती जीव देऊ नका."

"अहो काका, वयानुसार होतं असं," डॉक्टर समजुतीने म्हणाले. ते ऐकून काका आणखीच खचले. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. औषधांच्या कपाटाला टेकून उभा राहिलो.

ते पुन्हा आले नाहीत. तीन वर्षांनी गेल्याचं कळलं, तेव्हा मी कासूला त्यांच्या घरी गेलो. काकी म्हणाल्या, "मागाहून कशालाच हात लावायचे नाय. दूध चुलीवर असलं की मला हाक मारायचे, तू बघ गो, माजा काय भरवसा."

मी चहा प्यायलो आणि परत आलो.

काकी अजून आहेत. त्यांचा नवरा काहीच विसरला नव्हता, खोटं मी बोललो होतो, हे त्यांच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी अजून लागतो.